ही बाई वकील कोणाची?

...नाही, पण मला एक सांगा, वकील सरकारी, मी सरकारी, आमच्या मधलं टेबल सरकारी, टेबलावरच्या टाचण्या सरकारी, ज्या खुर्चीत बसून ती मला म्हणाली की ‘मी तुमची वकील नाही’ त्या खुर्चीच्या पाठीवरसुद्धा आमच्या खात्याचा क्रमांक पांढऱ्या रंगात घातलेला... मग ही बाई वकील कोणाची? तुम्ही शहाणी माणसं आहात, तुम्हीच सांगा. खुर्चीची?

तुम्हाला सांगतो, मी काही उगाच संशय घेणारा माणूस नाही. बायको म्हणते की घेता, पण ती असं का म्हणते याचाच मला संशय आहे. मी मोजणीदार. रस्ते खात्यात. तेवीस वर्षं झाली, रस्त्याच्या मध्यावर उभं राहायचं, टेप धरायची, कोणाची भिंत रस्त्यात आली ते बघायचं आणि वहीत लिहायचं. आणि भिंत आत आली की तिचा मालक गळ्याला हात लावून सांगणार, ‘साहेब, भिंत होती तिथेच आहे, रस्ताच सरकला.’ तेवीस वर्षांत इतके रस्ते सरकलेले ऐकलेत की आता बाजारात जाताना मी पाय जपून टाकतो, न जाणो, पोचेपर्यंत दुकान पलीकडे गेलेलं असायचं. तेव्हा संशय हा माझा स्वभाव नाही, ती माझी नोकरी आहे.

आता ती टेप. टेपचं सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही. आमच्या खात्याची टेप तीसपासून सुरू होते. हसू नका. पहिले तीस सेंटिमीटर तुटून कुठे गेले ते कोणालाच माहीत नाही, मी खात्यात आलो तेव्हाही ते नव्हते. मग नवी टेप का घेत नाही? घेतली असती हो! पण भांडारात नियम असा की जुनी टेप पूर्ण जमा केल्याशिवाय नवी द्यायची नाही, आणि जुनी पूर्ण असती तर नवी मागितली असती कशाला, हे त्या भांडारपालाला समजावता समजावता माझ्या आधीचा मोजणीदार निवृत्त झाला. तर आम्ही काय करतो, जो आकडा येईल त्यातून तीस वजा करतो. अर्धं शहर या वजाबाकीवर उभं आहे. वजाबाकी कधी मी करतो, कधी टोकवाले काका. टोकवाले काका म्हणजे टेपचं दुसरं टोक धरणारे आमचे शिपाई, भिंतीला टोक लावून आकडा तेच वाचतात. रोज सकाळी निघताना आमचं ठरतं, ‘काका, आज वजा तुम्ही का मी?’ एका ओळीचा प्रश्न, एका शब्दाचं उत्तर. तेवीस वर्षांत कधी चूक नाही.

आणि मग आमचा अबोला झाला.

कशावरून, ते विचारू नका. विचारता? खिडकीवरून. मी खिडकी लावायचो, ते उघडायचे, मी लावायचो, ते उघडायचे, शेवटी मी म्हटलं, ‘काका, तुम्ही घरी मोकळ्यावर झोपता का?’ आणि ते म्हणाले, ‘आमच्या घरी निदान हवा तरी येते.’ झालं. यात माझ्या घराचा काय संबंध? दोन महिने शब्द नाही. मोजणीला जायचो दोघंच, पण काका आकडा मला सांगायचे नाहीत, दिव्याच्या खांबाला सांगायचे. ‘खांबा, सहाशे दहा,’ असं. आणि मी खांबाचं ऐकून वहीत लिहायचो. आता तुम्हीच सांगा, खांबाला कोणी विचारतं का, की बाबा रे, हे वजा करून का वजा न करता?

त्या दोन महिन्यांत आम्ही चष्मेवाल्याचं दुकान मोजलं.

रस्त्याच्या मध्यापासून भिंत सहाशे सेंटिमीटरवर पाहिजे. काकांनी खांबाला सहाशे दहा सांगितले, मी त्यातून तीस काढले, पाचशे ऐंशी झाले, म्हणजे दुकान वीस सेंटिमीटर रस्त्यात, म्हणजे अतिक्रमण, म्हणजे नोटीस, म्हणजे पुढची भिंत पाडा. चष्मेवाला धावत आला. ‘साहेब, मी स्वतः मोजलंय, सहाशे दहा आहे.’ मी म्हटलं, ‘तुमची टेप कुठून सुरू होते?’ तो म्हणाला, ‘शून्यापासून.’ मी म्हटलं, ‘तिथेच चुकतंय.’ आणि तो गेला थेट कोर्टात.

आता कोर्टात गेलं म्हणजे खात्याची बाजू मांडायला सरकारी वकील आला. आली. आमच्याकडे तिला लेखी मॅडम म्हणतात. ठेंगणीशी, केस आवळून बांधलेले, टेबलावर एका वेळी एकच फाईल, आणि तोंडात एकच वाक्य: लेखी द्या. काहीही सांगा, लेखी द्या. कँटीनवाल्याने विचारलं की चहा का कॉफी, तर म्हणे लेखी द्या. हे मी स्वतः ऐकलेलं नाही, पण ज्याने मला सांगितलं तो खोटं बोलणारा माणूस नाही. फारसा.

तिने मला बोलावलं. म्हटलं, चला, आपली वकील, आपल्याला चार गोष्टी शिकवेल, समोरच्याने हे विचारलं तर असं बोला, ते विचारलं तर खोका... तर पहिला प्रश्न काय? ‘टेप बघू.’ टेप! अहो, तेवीस वर्षांत कोणी टेप बघायला मागितली नव्हती. म्हटलं, ‘दुरुस्तीला गेली आहे.’ ती म्हणाली, ‘टेप दुरुस्त होते?’ म्हटलं, ‘आमची होते.’ मग मोजणीची वही मागितली, एकेक पान उलटलं, पेन्सिलने कुठेतरी बारीकशी खूण केली, आणि म्हणाली, ‘इथे नुसतं पाचशे ऐंशी लिहिलंय. टेपवर किती दिसले होते?’

अहो, हे तर समोरच्या वकिलाने विचारायचं! आपल्याच वकिलाने आपल्यालाच विचारायचं? मग ही बाई वकील कोणाची? तिथेच, बघा, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तिने प्रतिज्ञापत्राचा मसुदा दिला. मोजणी बरोबर केली, आकडा खरा आहे, असं शपथेवर. खाली माझी सही, बाजूला साक्षीदार म्हणून काकांची. म्हणाली, ‘नीट वाचा, पटलं तरच सही करा, न पटलं तर येऊन सांगा.’ आता सरकारी कागदावर सही करायला तो पटावा लागतो हे मला नवीन होतं.

दुपारी मी कागद काकांपुढे सरकवला. अबोलाच होता, तेव्हा नुसता सरकवला. त्यांनी वाचला. मग चष्मा कपाळावर चढवला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

‘पाचशे ऐंशी कुठून आले?’

‘तुम्ही सहाशे दहा म्हणालात ना. त्यातून तीस वजा.’

‘मी वजा करूनच सांगितले होते.’

‘मला सांगितलंत का?’

‘तुम्हाला कशाला सांगू? आपलं बोलणं होतं का?’

मग आम्ही दोघं खिडकीकडे बघत राहिलो. अर्धी उघडी होती.

आता यात अडकलं काय होतं, ते सांगतो. मुख्य मोजणीदाराची जागा रिकामी होती. यादी त्याच महिन्यात लागणार होती. यादीत पहिलं नाव माझं. तेवीस वर्षं उन्हात भिंती मोजल्या, आता निदान पंख्याखाली बसून दुसऱ्याने मोजलेल्या भिंतींवर सही करायची, एवढीच माझी इच्छा. आणि ही चूक बाहेर आली, तर यादीतलं पहिलं नाव कुठे जाईल? तीस सेंटिमीटर गेले तिथे.

घरी आलो, जेवण जाईना. बायकोने ओळखलं. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘अहो, ती वकील आहे ना? मग तिला सांगून टाका. वकिलाला सगळं सांगायचं असतं. वकिलाच्या पोटातली गोष्ट बाहेर येत नाही, कायदाच आहे तसा. माझ्या मामेबहिणीच्या नवऱ्याने वकिलापासून लपवलं आणि हरला.’

‘काय लपवलं?’

‘ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.’

रात्रभर विचार केला, आणि सकाळी पटलं. वकील म्हणजे काय, आपलं माणूस. आपण सांगायचं, तिने झाकायचं. मी गेलो, आत शिरलो, दार ओढून घेतलं.

‘उघडं राहू द्या,’ ती म्हणाली.

‘गोष्ट नाजूक आहे, मॅडम.’

तिने पेन्सिल खाली ठेवली. ‘मग बोलण्याआधी ऐका. मी खात्याची वकील आहे. तुमची नाही. तुम्ही मला जे सांगाल ते खात्याला कळवणं माझं काम आहे, आणि त्यात तुमचं नुकसानही होऊ शकतं. तुम्हाला स्वतःसाठी सल्ला हवा असेल तर स्वतःचा वकील करा, त्याच्याशी आधी बोला, मग माझ्याकडे या. समजलं का?’

आता तुम्हाला सांगतो, इतकं स्पष्ट मला आयुष्यात कोणी बोललेलं नाही. माझ्या सासऱ्यांनीसुद्धा नाही. पण माणूस कसा असतो? मला वाटलं, म्हणायची पद्धत आहे! औषधाच्या बाटलीवर नाही का लिहिलेलं असतं, लहान मुलांपासून दूर ठेवा, तसं. म्हणायचं असतं म्हणून म्हणाली, भिंतीला कान असतील म्हणून म्हणाली, मोठी धोरणी बाई! मी तिला डोळा मारला. म्हणजे, सभ्यपणे. आणि म्हटलं, ‘समजलं, समजलं.’ आणि टेप, तीस, काका, खिडकी, खांब, सगळं, जेवढं होतं तेवढं, अगदी पोटातून काढून तिच्या टेबलावर ठेवलं.

ती लिहीत होती. मी म्हटलं, लिहू दे, आठवणीसाठी असेल. संपलं तसं मी हलक्या आवाजात म्हटलं, ‘तर मॅडम, हे आता आपल्या दोघांत.’

‘दोघांत नाही. मी आधीच सांगितलं होतं.’

‘ते मला वाटलं, नुसतं म्हणता.’

‘मी नुसतं काही म्हणत नाही,’ ती म्हणाली, कागद माझ्याकडे वळवला, ‘हे वाचा, तुम्ही बोललात तसंच लिहिलंय का बघा, आणि सही करा. तुम्ही आपणहून आलात तेही लिहिलंय.’

मी सही केली. का केली? अहो, पेन सरकारी होतं, समोर सरकारी माणूस बसलेला, सवयीने झाली! जिन्यापाशी येईपर्यंत मला कळलं नव्हतं की मी काय केलं. आणि जिन्यावर उभा राहून मी स्वतःलाच विचारलं, खात्याची म्हणते, खातं म्हणजे माणसंच ना, त्यातला मी एक, मग माझी का नाही? आणि माझी नाही, तर ही बाई वकील कोणाची?

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. आमच्या साहेबांना आम्ही बघूसाहेब म्हणतो. कोणतीही फाईल नेली की म्हणतात, बघू. वर पंखा पडायला आला तरी म्हणतील, बघू. ती आधीच बसलेली, पुढ्यात माझा कागद. मी दाराशी उभा, माझ्याच फाशीला पाहुणा म्हणून बोलावल्यासारखा.

साहेब म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही खात्याच्या वकील ना?’

‘हो.’

‘मग खातं सांगतंय, प्रतिज्ञापत्र आहे तसं दाखल करा.’

‘ते खोटं आहे हे मला माहीत आहे. माहीत असताना मी ते कोर्टापुढे ठेवू शकत नाही.’

‘तुम्हाला माहीत नाही असं समजा.’

‘मग आत्ता मी तुम्हाला काय सांगितलं?’

‘मलाही माहीत नाही असं समजा.’ मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ‘आणि याला तर काही माहीत नसतंच.’

मी मान डोलावली. अशा वेळी मान आपोआप डोलते.

ती म्हणाली, ‘साहेब, खात्याला पाहिजे काय? मध्यापासून सहा मीटर रस्ता. तो मिळतोच आहे, वर दहा सेंटिमीटर जास्तच आहेत. मग त्या माणसाची भिंत पाडून खात्याला मिळणार काय?’

‘इज्जत,’ साहेब म्हणाले. ‘आज एक चूक कबूल केली तर उद्या लोक म्हणतील, आणखी चुका असतील.’

‘आहेत का?’

अशी शांतता झाली की साहेबांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, आणि ते घड्याळ तर वर्षभर बंद आहे. साहेब खिडकीबाहेर बघून म्हणाले, ‘बघू.’

‘बघून भागणार नाही, परवा सुनावणी आहे. माझा सल्ला आहे की नोटीस मागे घ्या. ठरवायचं तुम्ही, ते काम माझं नाही. पण माझा सल्ला ऐकूनही हे प्रतिज्ञापत्र दाखल करायचं असेल, तर तसं मला लेखी द्या. ते मी वरती पाठवेन, आणि या प्रकरणातून बाजूला होईन.’

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. लावलं. काढलं. तेवीस वर्षांत मी साहेबांना इतक्या जवळून विचार करताना पाहिलं नव्हतं, बघवत नव्हतं हो. शेवटी म्हणाले, ‘घ्या मागे,’ आणि मग माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, ‘तुमच्या यादीचं मग... बघू.’

आता मला सांगा. साहेबांचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही, खात्याची इज्जत उन्हात वाळत घालते... मग ही बाई वकील कोणाची? मला एकच उत्तर दिसलं. चष्मेवाल्याची! आणि पुरावा? पुरावा तिच्या नाकावर होता. चष्मा!

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चष्मेवाल्याकडे गेलो. ओळखू येऊ नये म्हणून टोपी घातली, कपाळावर ओढली, आणि म्हटलं, ‘डोळे तपासायचेत.’ त्याने बसवलं. मागच्या भिंतीशी खुर्ची, रस्त्याकडच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि खुर्चीच्या पायाशी जमिनीवर पिवळी पट्टी. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘ही पट्टी कसली?’

‘तक्त्यापासून बरोबर सहा मीटर,’ तो म्हणाला. ‘तेवढ्यावरूनच नजर तपासायची असते. एवढंच दुकान आहे माझं, खुर्चीच्या मागे भिंत, तक्त्याच्या मागे भिंत. पुढची भिंत आत आली की तक्ता वीस सेंटिमीटर जवळ येणार. अक्षरं मोठी दिसणार. सगळ्यांची नजर सुधारणार, आणि सगळ्यांना चुकीचे चष्मे जाणार.’

म्हणजे माझ्या एका वजाबाकीने सगळं शहर आंधळं होणार होतं, तुम्हीच बघा.

पण मी आलो होतो ते कामाला. म्हटलं, ‘त्या सरकारी वकीलबाई तुमच्याकडेच येत असतील, नाही? चष्म्याला?’

‘त्या? छे. परवा आल्या होत्या, रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहून दुकान बघत होत्या. मी म्हटलं, बाई, ऊन आहे, आत या, पाणी घ्या. तर म्हणाल्या, तुमचा वकील आहे, जे बोलायचं ते त्यांच्याशी बोलेन. पाणीसुद्धा घेतलं नाही हो. मला तर संशय आहे, त्या बाईंच्या डोक्यात काहीतरी भयंकर असणार.’

तुम्हाला सांगतो, मला त्याचा इतका कळवळा आला. दोघं एका खुर्चीच्या दोन बाजूंना, आणि दोघांनाही तोच प्रश्न: ही बाई वकील कोणाची?

मी उठलो. तो म्हणाला, ‘मोजणीसाहेब, आता टोपी काढा, फ्रेम बसत नाही.’

म्हणजे ओळखलं होतं त्याने. दारातून शिरलो तेव्हापासून! बघा, लोक किती आतल्या गाठीचे असतात.

सुनावणीचा दिवस. चष्मेवाल्याचा वकील म्हणजे एक नमुना. उंच, आवाज घंटेसारखा, सगळे त्याला हरकतवकील म्हणतात, कारण तो कशालाही हरकत घेतो. त्या दिवशी दोन तास बोलायची तयारी करून आला होता, कागदांची चळत एवढी. आणि सुरुवातीलाच लेखी मॅडम उभ्या राहिल्या. ‘खात्याच्या मोजणीत चूक झाली आहे. ती कशी झाली त्याचं टिपण जोडलं आहे. खातं नोटीस मागे घेत आहे.’ बसल्या. एवढंच.

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, घातला. ‘म्हणजे अर्जदार जिंकले?’

‘हो.’

आणि हरकतवकील ताडकन उठला. ‘माझी हरकत आहे!’

‘कशाला?’ न्यायाधीश म्हणाले. ‘तुमचंच म्हणणं त्यांनी मान्य केलंय.’

‘तेच तर! सरकार मान्य करतंय म्हणजे यात डाव आहे. हे का मान्य करताहेत त्याचा अभ्यास करायला मला तीन आठवडे हवेत.’

‘अहो, तुम्ही जिंकलात, बसा.’

‘माझ्या अशिलाला असं बेसावध गाठून जिंकवता येणार नाही!’

चष्मेवाला मागून त्याचा कोट ओढत होता. ‘वकीलसाहेब, बसा ना, बसा ना...’ शेवटी बसवला. बसल्यावरही तो मॅडमकडे डोळे बारीक करून बघत होता, आणि मी त्याच्याकडे बघत होतो, म्हटलं, वा, हा खरा वकील. संशय असावा तर असा. हा ज्याचा असेल त्याचा असेल, पण निदान कोणाचा आहे ते लांबून दिसतं.

दुकान वाचलं. खात्याला नवी टेप मिळाली, शून्यापासून सुरू होणारी, कारण मॅडमनी टिपणात शेवटी तेही लिहिलं होतं, आणि भांडारपालाला ते वरून आलेलं वाचावं लागलं. काका आता ती पिशवीतून बाहेर काढताना हात पुसतात. सगळ्यांचं झालं. राहिलो कोण? मी. यादी लागली, पहिलं नाव तिथे नव्हतं. वर बारीक अक्षरात, चौकशी पूर्ण होईपर्यंत जागा राखून. चौकशी माझी. आणि चौकशीत खात्याची बाजू मांडणार कोण?

बरोबर. तीच.

बायको म्हणाली, ‘आता तरी स्वतःचा वकील करा. तिने तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.’ मी हरकतवकिलाकडे गेलो. माझा! सरकारचा नाही, खात्याचा नाही, नखशिखान्त माझा. त्याने दार लावलं, खिडकी लावली, मला तिथेच भरून आलं. म्हणाला, ‘इथे बोललेलं इथेच राहील. निर्धास्त बोला. तुमची चूक उघड कशी झाली?’

‘मी स्वतः जाऊन सांगितली.’

‘कोणाला?’

‘सरकारी वकिलाला.’

त्याने पेन उचललं. ‘कोणी पकडलं होतं?’

‘नाही.’

‘कोणी धमकी दिली?’

‘नाही. उलट ती म्हणाली, आधी स्वतःच्या वकिलाशी बोला.’

‘आणि तरी तुम्ही सांगितलंत. आपणहून. सगळं.’ त्याने पेन खाली ठेवलं. ‘हे कोणाला पटायचं नाही. मला नाही पटत. आपण दुसरं काहीतरी सांगू. काका तुमच्या वाईटावर होते, असं सांगू. तुमची प्रकृती बरी नव्हती. तुम्हाला आकडे दिसत नव्हते. काहीही चालेल, हे मात्र नको.’

मी म्हटलं, ‘पण हेच खरं आहे.’

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘मी तुमचा वकील आहे. माझ्यावर विश्वास ठेवा.’

तिथून निघालो, आणि काल चौकशीचे कागद मिळाले, चौकशी बुधवारची. म्हटलं, बघू, आपल्या विरुद्ध बाईने काय काय लिहिलंय. पान उलटलं. पहिल्याच पानावर तिची सही, आणि वर: ‘मोजणीदार आपणहून आले. त्यांना आधी सावध केलं होतं, तरी त्यांनी चूक सांगितली. ते न बोलते तर ही चूक पुढे आली नसती आणि खात्याने कोर्टापुढे खोटं प्रतिज्ञापत्र ठेवलं असतं. ही गोष्ट चौकशीत विचारात घ्यावी.’ खाली माझ्या चुका, नीट, क्रमाने, एकही न सोडता. अबोल्यासकट.

मी दुपारी तिच्या खोलीशी गेलो. दार उघडंच होतं. म्हटलं, ‘मॅडम, हे वरचं तुम्ही माझ्या बाजूने लिहिलंत?’

ती मान वर न करता म्हणाली, ‘तुमच्या बाजूने नाही. खात्याने निर्णय घ्यायचा तर सगळं त्याच्यापुढे असायला पाहिजे. तुमच्या बाजूचंही त्यात आलं.’

‘आणि बुधवारी विचारलं तर हेच सांगणार?’

‘जे आहे तेच सांगणार.’

आता बघा माझी दशा. माझा वकील म्हणतो, खरं सांगू नका. समोरची वकील म्हणते, यांचं खरं मी सांगणार. जागा जाते का राहते, देव जाणे, चूक तर केलीच आहे, ती काही कोणाला वजा करता येणार नाही. सकाळी बायकोने डबा हातात दिला, म्हणाली, ‘बुधवारी आठवणीने वकिलाला घेऊन जा.’

म्हटलं, ‘तिकडे एक आहे. पुरे.’